कोरड्या नळकांड्याला तेल
फोरमनने मला फसवलं. माझ्याच तालुक्यातला माणूस, कुवेतमधल्या सुलैबियाच्या वर्कशॉपात मी ज्याला भाऊ म्हणत होतो, त्याने स्वतःची चूक माझ्या नावावर लिहिली.

मी इथे लेथवर हेल्पर म्हणून आलो आणि भांडून शिकारीच्या बंदुका दुरुस्त करायच्या टेबलावर बसलो. पगारवाढीचा हट्ट सोडला, बदल्यात एक अट कबूल करून घेतली: मी जुळवून बंद केलेली बंदूक दुसऱ्याने उघडायची नाही.

एका वयस्क कुवेती गिऱ्हाइकाने आजोबांची शॉटगन आणली. पुढचं काडतूस आपोआप भरणारी, अगदी पहिल्या घडणीची. त्यात बार उडाला की अख्खी नळीच मागे सरकते. तो धक्का आवरायला खाली काडतुसांच्या नळकांड्यावर स्प्रिंग आणि एक कडी असते. कडी पुढे बसवली की ब्रेक घट्ट, जड काडतुसांसाठी. मागे ठेवली की ढिला, हलक्यांसाठी. हे नळकांडं तेलाने माखलं की ब्रेक धरत नाही. ही घडण शोधून काढणारा अमेरिकन पक्का होता. प्रत्येक बंदुकीमागे वाटा मागितला. कारखानदाराने टोलवाटोलवी केली तेव्हा समुद्र ओलांडून बेल्जियमला गेला. मला तो आवडतो.

गिऱ्हाईक जड काडतुसं वापरणार होतं. मी कडी पुढे बसवली, नळकांडं कोरडं पुसलं. शुक्रवारच्या सुट्टीनंतर आलो तर बंदूक गेलेली.

"कोरडीठाक ठेवली होतीस रे! चांगली तेलात भिजवून दिली. कडीपण मागे घेतली, पुढे अडकत होती," फोरमन म्हणाला.

"भाऊ, आत्ताच्या आत्ता त्यांना फोन लावा."

"तू मला शिकवणार? काल झाडू मारत होतास!"

मी हातातला पाना भिंतीवर फेकला. सगळ्यांना आता तेवढंच आठवतं.

दोन दिवसांनी धक्का न आवरल्याने बंदुकीचा लाकडी दस्ता फुटून गिऱ्हाइकाच्या गालाला टाके पडले. जॉब कार्डवर माझं एकट्याचं नाव. मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजर, म्हणतो, अकामा रद्द, इथे राहायचा परवाना संपला, घरी जा. त्या बेल्जियमला गेलेल्याला जायला दुसरा देश होता. मला या नावावर दुसरं टेबल कोण देणार?

बंदूक मुदीरच्या कपाटात आहे, अजून कोणी उघडलेली नाही. भाऊ, आता तुम्हीच ती मुदीर आणि गिऱ्हाईक या दोघांसमोर उघडा. कडी कुठे आहे ते दाखवा, आणि तेल कोणी घातलं ते तुमच्या तोंडाने सांगा.