म्हस्कू शिपायाचे लोखंडी सरदार

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हंत्यात, पण न घेता ही गोष्ट सांगता यायची न्हाई. म्हस्कू. आमचे मालक. दौंडच्या एका वाचनालयात शिपाई व्हते. सासरची माणसं कवठे येमाईची, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरल्याली. त्या घरात पगार आणणारा पहिला माणूस हाच. मग काय विचारता! गावाकडं गेलं की पारावरची माणसं सरकून जागा द्यायची. "आमचा म्हस्कू इंग्रजी ग्रंथ वाचतो," असं मामंजी ज्याला त्याला सांगायचे, आन् हे नुसते मिशीत हसायचे.

इंग्रजी कुठलं आलंय कपाळ! सातवी पास, ती बी मराठीतनं. इंग्रजीत आपली सही तेवढी करायचे. पण संदर्भग्रंथांच्या कपाटाची किल्ली ह्यांच्याकडं. ती जाडजूड पुस्तकं घरी न्यायला बंदी, तिथंच बसून वाचायची. वाचतंय कोण? दुपारी सामसूम झाली की हे ती झटकायला काढायचे, आन् झटकता झटकता चित्रं बघत बसायचे. विलायतेच्या जुन्या दंतकथांतले सरदार. अंगभर लोखंड, घोड्याला बी झूल, हातात हे एवढाले भाले. माणूस पार खुळावला त्यांच्यापायी.

संध्याकाळी घरी आले की आमची प्रगती समोर बसायची. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! चित्रावरनं हे गोष्ट रचायचे आन् "ग्रंथात असं लिवलंय" म्हणून सांगायचे. तिची सगळ्यात आवडती गोष्ट एका सरदाराची. कुणीतरी राजाकडं त्याची चुगली केली. सरदार बिनकसूर, पण हूं की चूं केलं न्हाई. गुडघ्यावर बसला, मुंडी खाली घातली. राजानं त्याच्यावर पाणी शिंपडलं, त्यानं अंग झाडलं, आन् तलवार खाली आली. पोरगी दर टायमाला रडायची.

आता हे पाणी कुठनं आलं, तर आमच्याच घरातनं. देवाला बोकड देताना त्याच्यावर पाणी टाकत्यात, आन् त्यानं अंग झाडलं म्हंजी देवानं घेतला. चित्रात तर खाली बसल्याला माणूस आन् त्याच्या खांद्यावर तलवार, एवढंच व्हतं. बाकीचं ह्यांनी आपल्या पदरचं लावलं.

अठ्ठ्याण्णव साली प्रगती आठवीत व्हती. कथाकथनाची स्पर्धा ठेवली, ती बी ह्यांच्याच वाचनालयाच्या हॉलात. पोरीनं तीच गोष्ट धरली. "आमच्या आप्पांनी इंग्रजी ग्रंथातनं वाचून सांगितल्याली," असं आधीच ठणकावून सांगितलं. मी बायकांत बसल्याले. हे मागं दाराशी उभे, तोंड उतरल्यालं. मला वाटलं, पोरीच्या काळजीनं. पण पोरगी अशी बोलली, अशी बोलली, की बायकांनी डोळ्याला पदर लावला.

नंबर द्यायला सुलक्षणाबाई आल्या व्हत्या, रिटायर मास्तरीण. मनानं चांगल्या. पण त्या पाण्याचं त्यांना नवल वाटलं. "पाणी शिंपडलं? हे मी कुठं वाचलं नाही हो. म्हस्कूराव, आणा बरं तो ग्रंथ. तेवढंच वाचून दाखवा सगळ्यांना." कौतुकानंच म्हणाल्या.

ह्यांनी ग्रंथ आणला. ते पान ह्यांना डोळं झाकून सापडायचं. उघडलं आन् नुसते उभे ऱ्हायले.

"चष्मा घरी ऱ्हायला," म्हणाले.

"आप्पा, खिशातच हाय की!" प्रगती म्हणाली. भाबडी बिचारी.

बुडत्याचा पाय खोलात. चष्मा लावला, पण तोंडातनं अक्षर फुटंना. पान डोळ्याजवळ नेलं, मग लांब धरलं. ह्यांना इंग्रजी वाचता येत न्हाई हे मला तवा उमगलं, आन् धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. गावभर मी बी मिरवलं व्हतंच की!

पोरगी पुढं झाली. "आप्पांना बारीक अक्षर दिसत न्हाई, मी वाचते." चित्राखालच्या ओळीवरनं तिनं बोट फिरवलं, मनातल्या मनात वाचलं. परत वाचलं. मग बापाकडं बघितलं. तसं तिनं ह्यांच्याकडं कवाच बघितलं नव्हतं. ग्रंथ मिटला आन् म्हणाली, "बरोबर हाय बाई. आप्पांनी सांगितलं तसंच लिवलंय."

बाईंनी ग्रंथ मागितला न्हाई. मान खाली घालून कागदावर काहीतरी लिवत बसल्या. पहिला नंबर प्रगतीलाच दिला, आन् टाळ्या पडल्या तशी ह्यांनी दाराची कडी घट्ट धरली.

घरी आल्यावर मी ताटं वाढली. भाकरी तशीच ऱ्हायली. सकाळी प्रगती ह्यांच्याजवळ जाऊन बसली.

"आप्पा, राजा त्याला मारत न्हाई. सरदारकी देतोय. तलवार खांद्याला लावून द्यायची, अशी त्यांची रीत हाय."

हे भिंतीकडं तोंड करून बसले. "आन् मी त्याला इतकी वर्षं मारीत ऱ्हायलो," म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं, आप्पा."

"त्याचं न्हाई गं बाय." हे तिच्याकडं वळले. "काल चारचौघांत तू खोटं बोललीस. माझ्यापायी. ते मीच शिकवलं तुला."

पोरीनं दप्तर उचललं आन् शाळेला गेली.