एका आडनावाची जोडी

थोरलीला सगळे कात्री म्हणत. शिवणाच्या धंद्यामुळे म्हणत की तोंडामुळे, हे तिला विचारायची कोणाची छाती नव्हती. गिऱ्हाईक म्हणालं, "जरा कमरेत सैल ठेवा," की ही म्हणायची, "कंबर तुमची सुटलीय, त्यात कापडाचा काय दोष?" एवढं ऐकूनही गिऱ्हाईक परत यायचं, कारण शाळेचा गणवेश हिच्याइतका नेटका दुसरं कोणी बेतत नसे.

धाकटी जाऊ नेमकी उलटी, जिभेवर साखर. पुढच्या खोलीत दोघींचं मिळून दुकान होतं तोवर बरं चाललं होतं. ही कापायची, ती शिवायची आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायची. मग एक दिवस धाकटीनं दारावर फक्त स्वतःच्या नावाची पाटी लावली. थोरली आपलं टेबल उचलून मागच्या अंधाऱ्या खोलीत गेली ती गेलीच. दिवसाढवळ्या दिवा लावून कापड कापायची आणि भिंतीला शिव्या घालायची. दोघे भाऊ मूग गिळून बसले. तेव्हापासून जावाजावांचं बोलणं बंद, आणि दोघींच्या मुलींनाही बंदी. मुली एकाच वर्गात होत्या, पण घरी एकमेकींच्या अंगावरून अनोळखी असल्यासारख्या जायच्या.

त्यात दोघींनी डोंगरापलीकडच्या वसतिगृहाच्या शाळेसाठी अर्ज केला. तिथे प्रवेश हवा तर शालेय मुलांसाठी असलेली इंग्रजीची एक परीक्षा पास व्हायला हवी होती. परीक्षा वरच्या पातळीची, नाव-गाव सांगून भागणारी नव्हे. चांगला वाद घालता आला पाहिजे. कात्रीला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की धाकटीची पोरगी पास झाली आणि आपली राहिली, तर त्या पाटीसमोरून जन्मभर मान खाली घालून जावं लागेल. कापता कापता ती रोज मुलीला दम भरायची, "मोठ्यानं वाच. मला अर्थ कळत नसेल, पण अडखळलीस की बरोबर कळतं."

लेखी पेपर झाले, ऐकण्याचाही झाला. राहिली तोंडी. ती असते जोडीनं. दोन मुलं शेजारी बसतात, एक परीक्षक विचारतो, दुसरा कोपऱ्यात गप्प बसून गुण देतो, आणि मुलांनी आपसात बोलून काहीतरी एक ठरवायचं असतं. जोड्या आडनावानं लावल्या होत्या. परीक्षेच्या जागी फलकावर दोन्ही मुलींची नावं शेजारी बघून कात्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तडक ऑफिसात शिरली.

"माझ्या मुलीची जोडी बदला."

"का हो बाई?" कारकुनानं मान वर न करता विचारलं.

"त्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत."

"एकाच आडनावाच्या दिसतात की."

"म्हणूनच बोलत नाहीत."

कारकुनाला हसू आलं. "आज बोलतील. गप्प बसलं तर गुण कोण देणार? सरका जरा, मागे लोक उभे आहेत."

"हसायला काय झालं? तुम्हाला भाऊबंद नाहीत वाटतं," असं सुनावून ती व्हरांड्यात आली. पलीकडच्या बाकावर धाकटी मांडीवर पर्स ठेवून बसली होती, तोंडावर तेच गिऱ्हाइकी हसू. कात्रीनं लेकीचा दंड धरला. "हे बघ, तिला डोकं वर काढू द्यायचं नाही. तिनं तोंड उघडलं की तू सुरू व्हायचं."

"दंड दुखतोय, आई," मुलगी एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दार लागलं तशी कात्री दाराला कान लावून उभी राहिली. शिपाई मागे व्हा म्हणाला. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तोच मागे झाला. आत आधी परीक्षकाचा आवाज, मग तिच्या लेकीचा, मग धाकटीच्या पोरीचा. मग दोघींचे आवाज भराभर, एकावर एक. भांडण जुंपलं म्हणायचं! कात्रीनं धाकटीकडे वळून बघितलं, मुद्दाम, हनुवटी वर करून. तेवढ्यात आत दोघी हसल्या. एकदा नाही, दोनदा. इतकं मोकळं हसणं तिनं आपल्या घरात कधी ऐकलं नव्हतं, आणि तिचं डोकं असं फिरलं की दार ढकलायचंच बाकी राहिलं.

मुलगी बाहेर येताच तिनं तिला जिन्याकडे ओढलं.

"खी खी काय चाललं होतं तिच्याशी?"

"परीक्षा चालली होती."

"विषय काय होता?"

"घरात मोठ्या माणसांची सतत भांडणं होत असतील तर मुलांनी काय करावं. पर्याय दिले होते. समजावून बघावं, शिक्षकांना सांगावं, मित्रांकडे जावं, असे. त्यातला एक दोघींनी मिळून निवडायचा."

"मग? तुझंच खरं केलंस ना? का तिचं?"

"दोघींचं एकच होतं. बाहेरगावी शिकायला जावं." भाजीचा भाव सांगावा तशी मुलगी सांगत होती. "विचार करावाच लागला नाही. म्हणून तर भराभर बोलता आलं."

कात्री पायरीवरच थांबली. तिला रडू आलं, आणि रडू आलं याचाच तिला संताप आला. अंधारात डोळे फोडून घेतले ते हिच्यासाठी, आणि ही कोणापासून पळायचं ते परक्या माणसाला सांगून आली.

"जा," ती म्हणाली. "जायचंच ना, मग तिच्या आधी जा. धाकटीची पोरगी तिथे तुझ्या आधी पोचता कामा नये."

"एकाच गाडीनं जाणार आहोत, आई," मुलगी म्हणाली. "खोलीही एकच मागितलीय. अर्ज भरतानाच."