गुणाबाईने ओळखलेलं सूत

भिवंडीत गुलाम हुसेन शेठच्या लूममागे गुणाबाईने सव्वीस वर्षं चिंधी निवडली. चिंधी म्हणजे लूमखाली पडलेला सुताचा गुंता. कॉटन वेगळं, पॉलिस्टर वेगळं, हे तिची बोटं करायची आणि तोंड तेवढ्यात जगाची उणीदुणी काढायचं. नवा माल आला की शेठसुद्धा आधी तिच्या हातात धागा द्यायचे. गुणाबाई सुतात चुकली असं कुणी म्हटलं असतं, तर लोक म्हणणाऱ्यालाच हसले असते.

तिचा पाडा खारबावकडे, टेकडीच्या पायथ्याशी. पलीकडे गोदामं झाली तशा पाड्यातल्या चार बाया तिथे पॅकिंगला जाऊ लागल्या. गुणाबाईची सून मेघाली त्यांतलीच, शेजारच्या चिंधूची सून रुचिकाही. जायला टेकडीवरून एकच पायवाट, अर्ध्या तासाची. रुचिकाचं बाळ अंगावर पीत होतं, म्हणून ती सुपरवायझरच्या विनवण्या करून बाकीच्यांच्या आधी निघायची. एकटीच यायची.

दिवाळीनंतर पाड्यातल्या दोन शेळ्या गेल्या. वनखात्याच्या भूपेशने पायवाटेवरच्या ऐनाच्या झाडाला कॅमेरा बांधला. चौथ्या दिवशी त्यात जे सापडलं ते पाहून पाड्याची पाचावर धारण बसली. पाठीला कुबड, आणि मानेपासून जमिनीवर लोळणारी पांढरी आयाळ. कुणी तरस म्हणालं, कुणी अस्वल. पाड्यातला केसरीनाथ तर हे जनावरच नव्हे म्हणाला आणि टेकडीवरच्या वाघोबाला नारळ फोडून आला. वाट बंद झाली. बाया रस्त्याने वळसा घालून जाऊ लागल्या आणि रोज उशिरा पोचू लागल्या. आणखी एकदा उशीर झाला तर कामावर येऊ नका, असं गोदामातून बजावण्यात आलं.

मेघालीचं काम जाणार म्हणून गुणाबाईचा जीव टांगणीला लागला. तिने भूपेशला ओट्यावर बसवलं, चष्मा पदराला पुसला, मोबाइलवरचा फोटो मोठा करून घेतला. मग ती हसायलाच लागली.

"आयाळ कसली रं? पॉलिस्टरचं सूत हाय त्ये. ही गाठ बघ. चिंधीत झोपलेला कुत्रा हाय, मानंला गुंता अडकलाय."

असे कुत्रे तिने लूममागे कितीतरी पाहिले होते. थंडीत ऊब म्हणून ढिगात शिरायचे आणि सूत ओढत बाहेर पडायचे. भूपेशने पुन्हा पाहिलं. गाठ होती, खाली कुत्र्याचे पायही होते. त्याच्या साहेबांनाही ते पटलं, शेळ्याही कुत्र्यांनीच नेल्या असं ठरलं. वाट खुली झाली आणि पाड्यात चार दिवस अस्वलवाल्यांची टिंगल चालली. रुचिका तेवढी दारात येऊन विचारून गेली, एकटीनं यायला भ्याव न्हाय ना?

"माज्या शब्दावर ये," गुणाबाई म्हणाली. तिला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

पाचव्या दिवशी दुपार कलल्यावर ती कोयता आणि पाण्याचा डबा घेऊन लाकडांना टेकडीवर गेली. निम्म्या वाटेवर, पायवाटेपासून आत, एक जुना उंबर आहे. त्याच्या बेचक्यातून काहीतरी पांढरं लोंबत होतं. तिने टोक हातात धरलं. बोटांनी लगेच सांगितलं, पॉलिस्टर. ते चिकट होतं. वर, दोन पुरुष उंचीवर, गाठ तशीच होती आणि गाठीत कुत्र्याची मान होती.

कुत्रा झाडावर चढत नाही. शिकार झाडावर नेऊन ठेवणारा या टेकडीवर एकच, बिबट्या. गुणाबाईला हे लहानपणापासून ठाऊक होतं. आता तिला तो फोटो नीट आठवला. कुत्र्याचे कान पडलेले होते, शेपूट पायांत होतं, मान मागे वळलेली होती. तो पळत होता. मेलीने सूत तेवढं बघितलं, असं ती स्वतःलाच म्हणाली आणि तिथेच खाली बसली.

फोन करून उपयोग नव्हता, गोदामात बायांचे फोन गेटवर ठेवून घेतात. उन्हं उतरायला लागली होती. ती उठली आणि कोयता पाण्याच्या डब्यावर बडवत गोदामाकडे निघाली. प्रत्येक झुडपाशी ती डबा आणखी जोरात बडवत होती. गोदामाच्या कुंपणापाशी सुटलेल्या बाया दिसल्या, त्यांत मेघाली होती. गुणाबाईने तिला मिठीच मारली आणि धापा टाकत सगळं सांगितलं.

मेघालीने सासूच्या मागे, रिकाम्या पायवाटेकडे पाहिलं.

"आई, रुचिका तर धा मिनिटांमागंच निंगाली. वाटंत भेटली आसंल ना तुमाला?"

गुणाबाईला वाटेत कुणीच भेटलं नव्हतं. पाड्यात, चिंधूच्या घरी, बाळाची दुधाची वेळ झाली होती.