पेटीवर ठेवलेलं मत

स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या निवडणुकीत आमचे जुनेच आमदार पुन्हा उभे राहिले. त्यांची माणसं कल्याणहून आमच्या मिठागरांच्या गावात आली आणि सासऱ्यांना गावदेवीच्या देवळात घेऊन गेली. तिथे सासऱ्यांनी बेलभंडारा उचलला. घरातली सगळी मतं साहेबांनाच, असं हातात बेल आणि हळद घेऊन देवीला सांगून आले. असा शब्द मोडला तर देवी घरातलं लहानगं नेते, असं आमच्याकडे मानत. घरात लहानगं एकच, माझा तान्हा मुलगा. आण घ्यायला पुरुषांचं काय जातं, कूस आमची असते.

तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. शाळेत पडद्यामागे त्या मांडल्या होत्या. साहेबांच्या चिन्हाची पेटी मी बरोबर ओळखली, देवाला फूल वाहावं तसा कागद तिच्यावर ठेवला, हात जोडले आणि मोठ्या तोऱ्यात बाहेर आले. वाटेत शेजारीण सांगायला लागली की कागद फटीतून आत सरकवायचा असतो, वर राहिलेलं मत धरत नाहीत. मी तशीच मागे वळले, पण परत जायची सोय नव्हती, बोटाला शाई लागली होती.

निकालाच्या आदल्या दिवशी बाळ तापानं फणफणलं. डॉक्टरांचं औषध चालू होतं, पण औषधानं देवी थोडीच ऐकणार? नवरा मोहने गावच्या कारखान्यात कामाला, त्याला सांगितलं असतं तर हसला असता. ते तापलेलं अंग मांडीवर घेऊन मी बसून होते. देवळाच्या बाजूला बघायचीसुद्धा मला भीती वाटत होती.

साहेब पुन्हा निवडून आले. गावात फटाके वाजले. सासरे पेढा घेऊन आले, बाळाच्या ओठाला लावायला वाकले, आणि माझा बांध फुटला. सगळं सांगून टाकलं. साहेब जिंकलेच आहेत, आता कसली आण, असं ते म्हणतील अशी मला आशा होती. पण ते बाळाला उचलून तडक देवळात गेले. मी मागोमाग धावले. देवीच्या पायाशी त्याला ठेवून ते म्हणाले, "आन मी घेतली, पोरानं नाय. न्यायचं त मना ने."

दिवेलागणीला बाळाच्या कपाळावर घाम आला आणि ताप उतरला. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. सासरे ओटीवर नेहमीसारखे विडी ओढत बसले होते. त्यांना धुराचा साधा ठसका लागला, आणि मी बाळाला तसंच टाकून ओटीवर धावले.