यमुनेच्या नावाचे धपाटे

बारशाला आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. भावाच्या मुलीला मी आमच्या आजीचं, यमुनेचं नाव सुचवलं तेव्हा आई म्हणाली, "नको गं. त्या नावाने फार मार खाल्लाय."

खाल्लाच होता. लहानपणी आजीच्या पाठीला तेल लावताना आजोबांच्या पट्ट्याचे व्रण माझ्या बोटांना लागायचे. "जुने आहेत," ती म्हणायची. तिचं नाव घ्यायचं, तर ती पाठही घ्यावीच लागणार.

आज पाळण्यावर वाकून मी कानात "यमुना" म्हटलं आणि पाठीत दणादण धपाटे बसले. बायका हसत होत्या. त्यांचे हात थांबले तरी मी वाकूनच राहिले.

"मारा अजून," मी म्हणाले. "या नावाच्या वाट्याचा सगळा मार इथेच संपू दे."