एका मुठीची फट

सुदामा नगरातल्या त्या घराच्या वरच्या मजल्यावर, गॅलरीच्या दाराला दोन कड्या होत्या. एक घर बांधलं तेव्हाची, हाताच्या उंचीवर. दुसरी नवी, पितळी, थेट चौकटीच्या माथ्याला. ती अच्युत मेढेकरने संक्रांतीनंतर स्वतः स्टुलावर चढून बसवली होती. सकाळी शाळेत निघताना तो टाचा उंचावून ती चाचपायचा. जिना उतरायचा, स्कूटर काढायचा, कोपऱ्यावरच्या पोहेवाल्यापर्यंत जायचा आणि तिथून परत यायचा. पुन्हा टाचा उंचावून कडी चाचपायचा.

दाराच्या पलीकडे गॅलरी होती, पण गॅलरीला कठडा नव्हता.

जुना लोखंडी कठडा पावसाने खालून खाल्ला होता. दसऱ्याच्या साफसफाईत अच्युतच्या बायकोच्या, शालिनीच्या, हातात त्याचा एक गज मुळासकट आला. मग तो सगळाच कापून काढला, भंगारवाला घेऊन गेला, आणि त्या जागी दोन बांबू आडवे बांधले. बांबू वाऱ्यावर करकरत. ती करकर अच्युतला शाळेत, फळ्यासमोर उभं असतानाही ऐकू येई.

हा माणूस असाच. भूगोलाचा मास्तर. मांडूला नाहीतर महेश्वरला सहल निघाली की बसमध्ये चढताना मुलं मोजायचा, उतरताना मोजायचा, घाटावर मोजायचा, जेवताना पानांवरून मोजायचा. पोरांनी त्याचं नाव 'गिनती सर' ठेवलं होतं. लोक हसत. पण इतक्या वर्षांत त्याच्या सहलीतलं एकही पोर नर्मदेच्या घाटावर मागं राहिलं नाही, हेही तेच लोक सांगत. काळजी हे त्याचं काम होतं आणि ते तो जीव ओतून करी. नांगराला बैल जुंपावा तसं त्याने स्वतःला काळजीला जुंपून घेतलं होतं.

आणि आता त्या काळजीचं सगळं ओझं एका माणसावर येऊन थांबलं होतं. त्याची आई, मनोरमाबाई. ऐंशी ओलांडलेल्या. डोळ्यांत आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच उरलेलं. बाकीचं घर त्यांना हातांनी पाठ होतं. जुना कठडा होता तेव्हा त्या रोज संध्याकाळी त्याच्या वरच्या पाइपावर हात ठेवून गॅलरीच्या टोकापर्यंत जात, खाली भाजीवाल्याशी घासाघीस करीत आणि पाइपावरूनच परत येत. कठडा गेला, कडी बसली. तेव्हापासून त्या बंद दाराशी खुर्ची घेऊन बसत. आताशा खोलीतल्या खोलीत चालतानाही भिंत शोधू लागल्या होत्या. हे शालिनीने पाहिलं होतं. अच्युतनेही पाहिलं होतं, पण तो बोलत नव्हता.

"अहो, आज जाणार का काचवाल्याकडे?" शालिनी रोज विचारी.

"विचार करतोय."

"तुमचा विचार होईपर्यंत आई चालणं विसरतील."

काच हवी हे शालिनीचं म्हणणं. कॉलनीत निम्म्या घरांना काचेचे कठडे लागले होते, हे एक कारण. पण दुसरं कारण तिने एकदाच, हळू आवाजात सांगितलं होतं. "आईंना उजेड तेवढा कळतो. जाळी लावलीत तर तोही जाईल."

बडा गणपतीजवळ अश्विनचं काचेचं दुकान. अश्विन कधीकाळी गिनती सरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेला. सरांना पाहताच त्याने स्टूल पुसलं आणि चहा सांगितला.

"सर, टेन्शन बिलकुल नका घेऊ. हा बघा, साधा टफन. जाड काच, भट्टीत तापवून पक्की केलेली. आणि हा लॅमिनेटेड. अशाच दोन काचा आणि मधे चिकट पदर. दिसायला दोघं सख्खे भाऊ. फुटल्यावर कळतं कोण कसा ते."

"फुटल्यावर?"

"फोडून दाखवू?"

"नको," अच्युत म्हणाला. मग चहाचा घोट घेऊन म्हणाला, "दाखव."

अश्विनने चष्मा चढवला, गोणपाट अंथरलं आणि पहिल्या तुकड्याच्या कोपऱ्यावर हातोडी घातली. काच क्षणात खडीसाखरेसारखी गोणपाटावर सांडली. जिथं आत्ता काच उभी होती तिथं नुसती हवा. दुसऱ्या तुकड्यावर हातोडी बसली तेव्हा तडे सगळीकडे पसरले, पण काच जागची हलली नाही. मधल्या पदराने तिला धरून ठेवलं.

"पहिल्यानं हात कापत नाही सर. खडे बोथट असतात."

"हात राहू दे. तिला टेकून कुणी उभं असेल तर?"

अश्विनने चष्मा काढला. "मग तो खाली जाईल, सर."

अच्युतने एकेक विचारायला सुरुवात केली. मे महिन्याचं ऊन? चालतं. गारा? चालतात. पोरांचा क्रिकेटचा चेंडू? चालतो. माकडं?

"सर, माकड येईल, काचेत आपलं थोबाड बघेल आणि लाजून परत जाईल."

अच्युत हसला नाही. पण लॅमिनेटेड, हे त्याचं ठरलं. खाली स्लॅबवर धातूची पन्हळ ठोकायची आणि तिच्यात काचा उभ्या करायच्या, हेही ठरलं. मग अश्विनने विचारलं, "वर पाइप लावायचा का?"

अच्युतने मोबाइल काढला. शालिनीने एका घराचा फोटो पाठवला होता. नुसती काच, वर काही नाही, मागचं आभाळ आरपार. खाली लिहिलं होतं, "पाइप नको. कपडे वाळत घालायचा दांडा वाटतो." इतके दिवस तिने ऐकून घेतलं होतं. एवढं तरी तिच्या मनासारखं व्हावं.

"नको."

"नक्की ना सर? माप आत्ताच पक्कं करा. एकदा भट्टीत गेली की काच ना कापता येते, ना तिला भोक पाडता येतं. मग ती देवाची."

"नक्की," अच्युत म्हणाला, आणि त्या रात्री कित्येक दिवसांनी त्याला गाढ झोप लागली.

रंगपंचमीची गेर, रंग उधळत जाणारी ती मिरवणूक, होऊन गेली. रस्त्यांवरचा गुलाल धुऊन निघाला. काचा कापायला बेटम्याच्या अलीकडच्या कारखान्यात गेल्याचा अश्विनचा निरोप आला. त्या दुपारी अच्युत शाळेतून आला तो लॅमिनेटेडचा एक हातभर नमुना घेऊन. तो त्याने आईच्या मांडीवर ठेवला.

मनोरमाबाईंनी काचेवरून हात फिरवला. सपाट भागावरून, मग कडेवरून. कडेवर त्यांचा हात थांबला.

"गार आहे रे. हिच्या माथ्यावर काय बसवणार?"

"काही नाही. कड घासून गुळगुळीत करतात. लागणार नाही तुला."

"लागण्याचं म्हणत नाही मी. धरायचं काय?"

"ही बोटाएवढी कड धरून चालू? मी काय डोंबारीण आहे?" त्यांनी नमुना परत दिला. "आणि गुढी कशाला बांधणार आहेस?"

स्वयंपाकघरातून शालिनी हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आली. गारांचा विचार झाला होता, माकडांचा झाला होता, भूकंपाचाही एकदा झाला होता. पाडवा तोंडावर आला होता आणि या मराठी घरात गुढीचा विचार कुणालाच सुचला नव्हता.

"स्टँड मिळतो आई," शालिनी चाचरत म्हणाली. "कोपऱ्यात ठेवायचा."

"स्टँडवर गुढी? ती काय टेबलफॅन आहे?" मनोरमाबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "अगं, पाइप संपतो तिथं निंबाची फांदी हाताला लागते. ती लागली की मला कळतं, इथं थांबायचं. पाला मी तिथूनच तोडते, काठी तिथंच बांधते. मला दिसत नाही, पण ते टोक माझं आहे. तुम्ही मला पडू देणार नाही, हे कळलं मला. पण चालू तरी देणार आहात का?"

अच्युतने अश्विनला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. तोपर्यंत त्याने स्कूटर काढली होती, आणि पहिल्यांदाच कडी न तपासता तो कोपरा ओलांडून गेला.

धार रोडवर उन्हाचे लोट उठत होते. दोन्ही बाजूंना गव्हाची काढणी होऊन गेलेली, काळ्या जमिनीवर पिवळे खुंट तेवढे उरलेले. ट्रकमागून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकचा धक्का स्कूटरला बसत होता. एरवी अच्युत या रस्त्यावर कडेच्या पांढऱ्या पट्टीवरून हलत नसे. आज तो ट्रकांना मागं टाकत होता. त्याच्या डोळ्यांसमोर भट्टीचं तोंड होतं आणि त्यात सरकत चाललेली एक काच. वाटेत अश्विनचा फोन आला.

"सर, पाइप हवाय? हात्तिच्या! त्याला भोक कशाला? खाच असलेला पाइप येतो, काचेच्या डोक्यावर टोपीसारखा बसतो. आरामात घरी जा."

अच्युतने स्कूटर बाभळीखाली थांबवली. श्वास घेतला. मग त्याच्या लक्षात आलं. "आणि गुढी? पाइपाच्या खाली लागूनच काच असेल. सुतळी आत कशी घालायची?"

पलीकडे अश्विन थबकला. तोही मराठी घरातला. "अरे यार," तो म्हणाला. "टोकाला स्टीलचा खांब घ्यावा लागेल. खांब आणि काच यांत फट सोडावी लागेल. म्हणजे सर, शेवटची काच छोटी. पळा! मी फोन करतो त्यांना, पण तिथं मशिनच्या आवाजात ऐकू येत नाही कुणाला."

कारखान्याच्या शेडमध्ये शिरताच गरम वारा तोंडावर आला. भट्टी धडधडत होती. बाकीच्या काचा आत जाऊन आल्या होत्या, एका बाजूला गार होत उभ्या होत्या. शेवटची जोडी टेबलावर होती आणि दोन माणसांनी तिची टोकं उचलली होती.

"रुको भिया!" अच्युत ओरडला. वर्गातसुद्धा तो असा कधी ओरडला नव्हता.

त्या माणसांनी काचा खाली ठेवल्या. त्यांच्यातल्या वयस्काने कानातला बोळा काढून सगळं ऐकून घेतलं. "कितनी छोटी करनी है, बाबूजी?"

अच्युतने उत्तरासाठी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. फट जास्त झाली तर आईचा पाय त्यातून जाईल. कमी झाली तर काठी बांधता येणार नाही. घरी विचारावं. अश्विनला विचारावं. उद्या सांगतो म्हणावं. पण भट्टी उद्यापर्यंत थांबणार नव्हती. वयस्क वाट पाहत होता.

अच्युतने डोळे मिटले. पाडव्याची सकाळ. आईचा हात, काठी आणि पाइप एकत्र धरून सुतळी फिरवणारा. निळ्या शिरांचा, लहानसा. त्याने स्वतःची मूठ वळली, काचेच्या कडेला टेकवली आणि थोडी आवळून घेतली.

"इतनी," तो म्हणाला. "एक मूठ. इससे ज्यादा नहीं."

वयस्काने मुठीच्या बाजूने खडूची रेघ ओढली.

पाडव्याच्या आधी कठडा उभा राहिला. शालिनीने पाइप पाहिला, नाक मुरडलं, मग दुपारी एकटीच त्यावर कोपरं टेकून बराच वेळ उभी राहिली.

पाडव्याला सकाळी मनोरमाबाईंनी पाइपावर हात ठेवला. ऊन काचेतून आरपार त्यांच्या लुगड्यावर पडलं होतं आणि त्यांनी चेहरा त्या उजेडाकडे वळवला होता. त्या एकेक पाऊल चालत टोकाला गेल्या. निंबाची फांदी हाताला लागली. अच्युत त्यांच्या मागे, दोन्ही हात पुढे पसरून. त्यांनी फटीतून सुतळी आत घातली, बाहेर काढली, आवळली. शालिनीने गुढी वर सारली तसा तांब्याचा गडू पाइपावर ठण्णकन आपटला.

काच जागच्या जागी होती.

"कोण दचकलं?" मनोरमाबाईंनी विचारलं. "अच्युत, हात खाली घे. माझ्या मानेवर वारा घालतोयस."

त्याने हात खाली घेतले. मग कुठं ठेवावेत ते न कळून मागं बांधले.

संध्याकाळी खालून भाजीवाल्याची हाळी आली. मनोरमाबाई एकट्याच बाहेर होत्या, मेथीच्या जुडीवरून त्यांचं आणि भाजीवाल्याचं जुंपलं होतं. आत अच्युत स्टुलावर चढून वरच्या कडीचे स्क्रू काढत होता. शेवटचा स्क्रू काही केल्या फिरत नव्हता. त्याने तो स्वतःच फार घट्ट बसवला होता.

"राहू द्या आता, सुताराला सांगू," शालिनी म्हणाली. "नुसती लावू नका म्हणजे झालं."

"नको," अच्युत म्हणाला. "असली की मी लावीन." आणि बाहेर आईचा आवाज ऐकत त्याने स्क्रूड्रायव्हर पुन्हा खाचेत टेकवला.