दिव्याच्या कॅसेटमधलं यंत्र

यज्ञेश्वर सरांनी तीसेक वर्षं हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवलं, पण ‘माझं चुकलं’ असं त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. वडील देवळात पूजेला, घरात सोवळं-ओवळं कडक. अशा घरातला मुलगा रॉक संगीताच्या नादी कसा लागला, हे कोडं वडिलांना शेवटपर्यंत सुटलं नाही. नादी लावणारा होता कॉलेजातला मित्र अंबादास. तो सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकराचा मुलगा. घराच्या तळमजल्यावर यंत्रमाग, आणि वरच्या खोलीत अंबादासचा टेपरेकॉर्डर. तिसरा बसलिंगप्पा, मधल्या मारुतीच्या बाजारातला भांडीवाला.

संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली की एका दुपारी बसलिंगप्पाच्या दुकानाच्या माळ्यावर या तिघांची बैठक बसायची. विषय ठरलेला, आणि तो कधीच न संपणारा. रॉकचा एकेक प्रकार घ्यायचा, हार्ड रॉक म्हणा, हेवी मेटल म्हणा, पंक म्हणा, आणि ज्यानं जन्मात हे संगीत ऐकलेलं नाही त्याला त्या प्रकारचा एकच अल्बम द्यायचा झाला तर कुठला, यावर भांडायचं. कॅसेटी सगळ्या उसन्या आणून भरून घेतलेल्या, त्यांना कव्हरं कुठली असणार? इंग्रजी नावांच्या उच्चारांवरून पहिल्याच वर्षी जुंपली, तेव्हा अंबादासनं प्रत्येक कॅसेटवर एकेक चित्र काढलं. लाल दार, उंट, दिवा. तीच त्यांची नावं पडली.

मत द्यायचं ते भाजलेल्या शेंगांनी. ज्या कॅसेटपुढं शेंगांचा ढीग मोठा ती जिंकली, आणि हरलेल्यानं सगळ्या शेंगा सोलून जिंकणाऱ्याच्या हातावर ठेवायच्या. सर्वांत जास्त सोलायची पाळी बसलिंगप्पावर यायची. त्याचा जीव हेवी मेटलवर. त्याचं म्हणणं, हार्ड रॉक ऐकून माणूस रस्त्यानं पळत सुटतो, मेटल छातीवर येऊन बसतं. म्हणून मेटलला लाल दारच पाहिजे, उंट नुसता धावतो. पंकचा निकाल मात्र कधी लागलाच नाही, कारण पंकची कॅसेट संपायची आणि यांचं भांडण संपायचं नाही.

प्रोग्रेसिव्ह रॉकचा विषय निघाला की सर उठून उभे राहायचे. तिथं त्यांचा दिवा. त्या कॅसेटच्या तिसऱ्या गाण्यात गिटारच्या मागं एक यंत्र चालायचं, खटक-खटक, एका लयीत. मग मध्येच ते यंत्र थांबायचं, गिटार एकटं पडायचं, आणि थोड्या वेळानं यंत्र पुन्हा सुरू व्हायचं. पहिल्या वर्षी बसलिंगप्पा म्हणाला होता की हे तर मागावाणी वाजतंय. सरांनी त्याला असा झाडला की तो पुन्हा त्या वाटेला गेला नाही. परदेशातल्या कलावंतांनी कारखाना संगीतात आणला, आणि तुला आपल्या गल्लीतला माग आठवतो, गाढवाला गुळाची चव काय, असं बरंच काही. त्या मधल्या थांबण्यावर तर सर तासभर बोलायचे. यंत्र थकतं आणि माणूस उरतो, हा त्यांचा सिद्धान्त. हे चालू असताना अंबादास खाली मान घालून नुसता हसायचा. सरांना वाटायचं, कॅसेट त्यानं भरलेली, तिचं कौतुक ऐकून हसतोय.

कोरोनात अंबादास गेला. त्यानंतर दोन-तीन वर्षं बैठक बसली नाही.

यंदा दिवाळीला सरांची मुलगी भार्गवी पुण्याहून आली, आणि तिनं खटपट करून दिव्याचा खरा अल्बम फोनवर शोधून दिला. सर हेडफोन घालून गॅलरीत बसले. तिसरं गाणं आलं. गिटार होतं, ड्रम होते. यंत्र नव्हतं. सरांनी परत परत लावलं, फोन बिघडला असेल म्हणून भार्गवीचा घेतला. मग त्यांना आठवलं. रेकॉर्ड मुंबईहून दोन दिवसांपुरती आणलेली, जोडायला वायर नव्हती, म्हणून अंबादासनं स्पीकरपुढं टेपरेकॉर्डर ठेवून ती आपल्या खोलीत भरली होती. आणि तिसऱ्या गाण्याच्या वेळी खाली माग चालू झाला असणार.

सरांना आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग अंबादासचं ते हसू आठवलं. तो बोलला असता तर एका मिनिटात सगळं संपलं असतं. मित्राचा थाट मोडू नये म्हणून तो जन्मभर गप्प राहिला होता. गड्डा जवळ येईपर्यंत सरांना नीट झोप नव्हती. गप्प बसावं तर अंबादासनंतर आता आपणच खोटं बोलणार, आणि बोलावं तर बसलिंगप्पा सगळ्या मधल्या मारुतीला सांगणार.

जत्रेत त्यांनी स्वतःच बसलिंगप्पाला फोन केला. माळ्यावर गेले तर तिथं एक बाई बसलेल्या. अंबादासची थोरली बहीण, धनलक्ष्मी अक्का. लग्न होऊन भिवंडीला गेली ती अंबादासच्या कॉलेजआधीच. आता सोलापूरचं घर विकायला काढलं होतं. माग तर केव्हाच भंगारात गेला होता. अंबादासच्या उरलेल्या कॅसेटी मित्रांकडं द्याव्यात म्हणून ती आली होती. बसलिंगप्पानं तिला शेंगा दिल्या आणि बसवून ठेवलं.

सरांनी दिव्याची कॅसेट पुढं ठेवली. शेंगांना हात लावला नाही.

“बसलिंगप्पा, माझं चुकलं,” ते म्हणाले. “हे यंत्र त्या लोकांचं नाही. अंबादासच्या घरातला माग आहे. तू पहिल्या वर्षीच बरोबर बोलला होतास.”

बसलिंगप्पा पोट धरून हसला. इतक्या वर्षांच्या सोललेल्या शेंगा आठवून हसला. म्हणाला, लाव की मास्तर, एकदा शहाण्यासारखं ऐकू दे.

सरांनी कॅसेट लावली. अक्का पाहुण्यासारखी बसली होती, तिला त्या गाण्यात गम्य नव्हतं. तिसरं गाणं लागलं, माग चालू झाला, तशी तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग माग थांबला. गिटार एकटं वाजत राहिलं.

“धागा तुटला,” अक्का म्हणाली. “नायना गाठ मारायलेत.”

तिची दोन बोटं मांडीवर कसलासा न दिसणारा धागा ओढत होती, पिरगाळत होती. मग तिनं बोटं सोडली.

“झालं. आता चालू करतील बघ.”

आणि माग चालू झाला.

बसलिंगप्पाचं हसू कुठल्या कुठं गेलं. अक्कानं पदर डोळ्यांना लावला. “नायनांचा, वडलांचा, एकच फोटो हाय घरात,” ती म्हणाली. “त्यातबी मागं उभारल्यात, तोंड नीट दिसत न्हाय. आवाज तर कशातच न्हवता. परत एकदा लाव रे यज्ञेश्वर.”

सरांनी कॅसेट मागं फिरवली. त्या थांबण्यावर आपण तासभर काय काय बोलत होतो हे आठवून त्यांना मान वर करवेना. ते म्हणाले की दिवा आता प्रोग्रेसिव्हमध्ये बसत नाही, कुठल्याच प्रकारात बसत नाही, तेव्हा तो स्पर्धेतून काढून घ्यावा. बसलिंगप्पानं त्यांचं ऐकलं नाही. दिव्याला त्यानं जन्मात एक शेंग दिली नव्हती. आज त्यानं आपल्यापुढच्या सगळ्या शेंगा ओंजळीनं उचलून त्या कॅसेटपुढं ओतल्या. सरांनीही आपल्या ओतल्या.

मग दोघं हरलेले म्हातारे खाली बसून शेंगा सोलायला लागले. माग चालत होता, आणि ते एकेक दाणा अक्काच्या हातावर ठेवत होते.